‘ओटी’ची ती खोली पुन्हा उघडा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंना घेऊन जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात गेले होते. काकूंना अर्धांगवायूचा झटका येऊन महिना झाला. त्यांच्या सुनेला मीच मोठ्या भरवशाने सांगितलं होतं, की तिथे एक मॅडम आहेत, त्यांच्याकडे गेलं की काकू पुन्हा आपल्या हाताने जेवायला लागतील. वर गेलो तर खोलीला कुलूप. खिडकीतून पाहिलं, आत सलाईनच्या खोक्यांची छतापर्यंत थप्पी. शिपाई म्हणाला, मॅडमचं कंत्राट मार्चअखेर संपलं, नवीन कुणी आलेलं नाही. सुनेकडे बघायचं मला धाडस होईना. त्या खोलीत आमच्या घराने पाच महिने काढले आहेत, म्हणून हे पत्र.

आमचे हे शिंपी. सांगलीच्या गावभागात शर्ट-लेंग्यांचं छोटं दुकान. २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा यांनी शिलाई मशीन एकट्याने माडीवर चढवलं होतं. तोच माणूस गेल्या वर्षी श्रावणात दात घासता घासता खाली बसला तो उठलाच नाही. डावा हात, डावा पाय गेला. डॉक्टरांनी जीव वाचवला, ते उपकार आहेतच. दहाव्या दिवशी नर्स म्हणाल्या, “उद्यापासून यांना ओटीत न्यायचंय.” माझे हातपाय गार पडले. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, डोक्याचं ऑपरेशन करणार असं समजून मी मुलाला पुण्याहून रातोरात बोलावून घेतलं. सकाळी यांची खुर्ची ज्या खोलीत नेली तिथे टेबलावर कपड्यांचे चिमटे होते, डाळ-तांदळाचे डबे होते, कडी-कोयंडा आणि नळाची तोटी ठोकलेली एक फळी होती, बटणं आणि काजं लावलेलं कापड होतं. ही ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. मराठीत व्यवसायोपचार म्हणतात, पण पाटीवर तो शब्द वाचूनही कुणाला काही कळत नाही. धंद्यासाठी कर्ज देण्याची योजना असेल असं मलाही आधी वाटलं होतं. अंघोळ, कपडे, जेवण, देवपूजा, पोटापाण्याचं काम, माणसाचा दिवस ज्या ज्या गोष्टींनी भरतो त्या त्याला पुन्हा करता याव्यात, यासाठीचा तो उपचार. हे कुणीतरी आधी समजावून सांगितलं असतं तर ती एक रात्र तरी मी झोपले असते.

त्या दिवसांत यांचं जेवण फार कमी झालं होतं. मी घरून डबा न्यायचे आणि नेहमीसारखं वाढायचे. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. हे भाजी-भाकरी खाऊन हात धुवायला मागायचे, डावी बाजू जशीच्या तशी. शेंगदाण्याच्या चटणीशिवाय ज्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता, ते चटणीला बोटही लावेनात. तोंडाची चव गेली असं मी धरून चालले. दाढीचंही तेच. उजवा गाल स्वच्छ, डाव्या गालावर खुंट तसेच. कंटाळा करता म्हणून मी त्यांना दोनदा बोललेही. मॅडम एकदा जेवणाच्या वेळी वॉर्डात आल्या. थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या आणि मग काही न बोलता त्यांनी ताट अर्धं फिरवलं. यांनी चटणी, कोशिंबीर, सगळं पुसून खाल्लं आणि आता भाजी तशीच राहिली!

मॅडमनी मला बाहेर बोलावून समजावलं. डोळे ठीक आहेत. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली आहे आणि अशा काही रुग्णांना डावीकडचं काही जाणवतच नाही. डावीकडे ताट आहे, गाल आहे, आपलाच हात आहे, हे त्यांच्या लेखी नसतंच. मी त्यांना बोलले होते ते आठवून त्या दिवशी मला फार रडू आलं.

उपाय ऐकायला इतका साधा, की आधी विश्वास बसला नाही. टेबलाच्या डाव्या कडेला लाल कापडाची पट्टी चिकटवायची. काहीही करण्याआधी मान वळवून ती पट्टी शोधायची, मग उजवीकडे यायचं. ताटाखाली पट्टी, वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला पट्टी. सुरुवातीला प्रत्येक वेळी “पट्टी कुठाय?” असं विचारावं लागायचं. दिवसातून पन्नास वेळा मी ते विचारलं असेल. आम्हाला त्यांच्या डाव्या बाजूला बसून बोलायला सांगितलं होतं, म्हणजे वळून बघावं लागेल. शर्ट घालताना आधी लुळा हात बाहीत, मग चांगला. काढताना उलट, आधी चांगला, लुळा शेवटी. उठवताना लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा सांध्यातून सरकतो. मी आणि माझा मुलगा दहा दिवस नेमके तसेच ओढत होतो.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी यांना विचारलं, “तुमचं काम काय?” हे म्हणाले, होतो शिंपी. मॅडम म्हणाल्या, मग उद्या कापड, खडू आणि टेप घेऊन या. दुसऱ्या दिवशी यांनी शर्टाच्या पाठीचं आखायला घेतलं आणि उजवी अर्धी पाठ आखून खडू खाली ठेवला. आयुष्यभरात किती पाठी आखल्या असतील या माणसाने. त्यांना स्वतःलाच ते बघवेना. मॅडमनी कापडाच्या डाव्या काठाला लाल दोऱ्याचे टाके घालायला लावले, मला नव्हे, त्यांनाच. डावा हात उघडमीट करत नव्हता, तर म्हणाल्या, उचलता येत नसला तरी कापड दाबून धरायला तो हात चालेल, वजन म्हणून ठेवा. त्या दिवसापासून तो हात मांडीवरून टेबलावर आला. शेजारच्या खोलीत फिजिओथेरपीचे व्यायाम चालूच होते, पाय त्यांनीच चालता केला आणि ते हवंच होतं. पण चालत न्हाणीघरापर्यंत पोचल्यावर पुढे एका हाताने तांब्या, साबण, पंचा कसा सांभाळायचा, ते या खोलीत शिकवलं.

घरी सोडण्याआधी मॅडमनी माझ्याकडून मापं मागवली. संडासाच्या दाराची रुंदी, उंबऱ्याची उंची, खाटेची उंची. यांच्याच टेपने मी इंचाइंचाने सगळं मोजून नेलं. देशी संडासावर ठेवायला भोक पाडलेली खुर्ची आणि उजव्या हाताला भिंतीत लोखंडी दांडी, एवढंच त्यांनी सांगितलं. आमच्या गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याने एका दिवसात करून दिलं. त्या दिवसापासून हे त्या कामासाठी कुणाला हाक मारत नाहीत. त्याने त्यांचा चेहरा किती बदलला ते मी इथे लिहू शकत नाही.

आज हे दुकानात बसतात. मशीनला मोटर लावून घेतली, उजव्या पायाने चालवतात. काज-बटण दुसऱ्याकडून करून घेतात. दिवसाला एखादा शर्ट होतो.

आता माझं म्हणणं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले, ही मोठी गोष्ट आहे. पण उपचार करणारंच माणूस नसेल तर मोफत काय मिळणार? खासगीत आम्हाला एका वेळचे पाचशे रुपये सांगितले होते. पाच महिने, आठवड्यातून तीनदा, हिशोब कुणीही करावा. या मॅडम साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम करून आल्या होत्या आणि अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर काम करत होत्या. मुदत संपली की खोलीला कुलूप, आणि मधल्या काळात झटका आलेल्यांचं काय? सुरुवातीचे महिने सर्वात मोलाचे, असं मॅडम आम्हाला बजावत असत. पद भरेपर्यंत ते महिने थांबून राहत नाहीत.

हे शास्त्र आपल्याकडे नवं आहे असंही नाही. जन्माने अमेरिकन आणि लग्नाने आपल्या झालेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. १९५२ मध्ये या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटनाही त्यांनीच उभारली. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, फलटणला, त्यांच्या नावाची शाळा आहे. संसदेने २०२१ मध्ये केलेल्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यातही या पेशाला स्थान आहे. तरी आमच्या भागात ही जागा असली काय नि नसली काय, कुणी विचारत नाही. कारण ज्यांना तिची गरज पडते ते खाटेवर असतात आणि त्यांची माणसं दमलेली असतात.

येत्या २७ ऑक्टोबरला जागतिक व्यवसायोपचार दिन आहे. त्या दिवशी फलक लागतील, भाषणं होतील. त्याआधी जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत हे पद कायमस्वरूपी भरावं, रुग्णाच्या घरी एकदा तरी जाऊन पाहण्याची सोय त्यात असावी, आणि खोलीवर साध्या मराठीत पाटी लावावी, एवढी माझी मागणी आहे. त्या खोलीला लागणाऱ्या उशा, बटणांची कापडं, लाल पट्ट्या आमचे हे फुकट शिवून देणार आहेत. त्यांनीच हे लिहायला सांगितलं आहे. सलाईनची खोकी तेवढी बाहेर काढा आणि एक माणूस द्या.

आपली,
एक वाचक, गावभाग, सांगली
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)