मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस खुले पत्र: लाल टोपणाची सिरिंज

महोदय,

सविनय नमस्कार.

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला टाइप 1 मधुमेह आहे आणि दिवसातून चार वेळा तिला इन्सुलिन टोचावे लागते. गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात औषध खिडकीवर इन्सुलिनची बाटली मिळाली ती 40 युनिटची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेली, आणि सिरिंज दिल्या त्या केशरी टोपणाच्या, म्हणजे मिलिलिटरला 100 युनिटच्या इन्सुलिनसाठीच्या, कारण 40 साठीच्या लाल टोपणाच्या संपल्या होत्या. अशा सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत औषध भरले तरी लेकराच्या अंगात चारच युनिट जातात, हे मला कोणी सांगितले नाही. मी नेहमीच्याच खुणेपर्यंत भरत राहिले. तिसऱ्या दिवशी पहाटे तिला उलट्या सुरू झाल्या, धाप लागली आणि ग्लुकोमीटरवर आकड्याऐवजी नुसते ‘हाय’ उमटले, म्हणजे साखर मोजण्यापलीकडे गेली होती. चार दिवस ती अतिदक्षता विभागात होती. डोळे उघडल्यावर तिने पहिले विचारले ते, ‘आई, मी काही चुकीचं खाल्लं का?’

तक्रार केली तेव्हा आठ दिवसांत योग्य सिरिंज येतील, असे आश्वासन मिळाले. त्याला आज महिना झाला.

महोदय, माझ्या मुलीच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. ते गोड खाल्ल्याने झालेले नाही आणि पथ्याने बरे होणारे नाही. पण रुग्णालयातसुद्धा ‘एवढ्या लहानपणी शुगर कशी?’ असे विचारणारेच अधिक भेटतात. आपल्या व्यवस्थेच्या लेखी मधुमेह म्हणजे मोठ्या माणसांचा आजार, म्हणून गोळ्या मिळतात आणि लेकरांचे इन्सुलिन ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणून राहते. साखर तपासण्याच्या पट्ट्या तर आम्हाला कधीच मिळाल्या नाहीत. दिवसाला चार पट्ट्यांचा हिशेब महिन्याला दोन-अडीच हजारांवर जातो, म्हणून मी दोनच वापरते आणि उरलेल्या वेळी तिच्या कपाळावरचा घाम पाहून अंदाज बांधते. आईने अंदाजावर सुई टोचावी, ही वेळ कोणावर येऊ नये.

लसी 2 ते 8 अंश तापमानात पाड्यापाड्यांवर पोहोचवणारी यंत्रणा याच राज्याकडे आहे. न उघडलेल्या इन्सुलिनलाही तेवढीच थंडी लागते. मग उन्हाळ्यात भारनियमन लागले की ती बाटली मी ओल्या फडक्यात गुंडाळून माठात का ठेवावी? प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या फ्रिजमध्ये तिला जागा का मिळू नये?

शाळेत मुलांना साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे, मधल्या वेळी खाऊ द्यावे, असे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने 2023 मध्ये कळवले होते. आमच्या शाळेला ते मीच सांगितले.

माझे मागणे एवढेच आहे की बाटली आणि सिरिंज जुळल्याशिवाय खिडकीवरून काहीही दिले जाऊ नये, पट्ट्या मोफत मिळाव्यात आणि प्रत्येक तालुक्यात सुई कशी भरायची हे आईबापांना हाताला धरून शिकवणारे एक माणूस असावे.

काल मी पुन्हा त्या खिडकीवर गेले होते. सिरिंज केशरी टोपणाच्याच होत्या आणि माझ्या पुढचे एक आजोबा नातवासाठी त्याच घेऊन निघाले होते. मी त्यांना एसटी स्टँडवर गाठले आणि बाकावर बसून, सिरिंजवरच्या खुणा एकेक करून समजावून सांगितल्या.

आपली,
एक आई