बटणाची जागा हलवण्याआधी विचारा

महोदय,

कोथरूडमध्ये मी ज्येष्ठ नागरिकांना संगणक शिकवते. वर्गातल्या प्रत्येकाकडे एक वही असते. ‘खाली डावीकडे कोपऱ्यात क्लिक. मग पिवळं फोल्डर. मग बँकेची फाइल.’ अशा पायऱ्या ज्याने त्याने स्वतःच्या अक्षरात उतरवलेल्या असतात. मग एका रात्री संगणक अपडेट होतो. सकाळी चिन्हं वेगळी, बटणं सरकलेली, आणि ती वही निकामी. गेल्या महिन्यात असंच झालं तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे एक काका वही उघडी ठेवून बराच वेळ गप्प बसले होते. शेवटी हळूच म्हणाले, “मॅडम, मीच विसरायला लागलोय का हो?” काका काहीही विसरले नव्हते. मला त्या रात्री झोप लागली नाही.

लोक चार दिवस कुरकुरतात, मग सवय होते, असं सांगितलं जातं. तसं असतं तर स्टार्ट बटण परत आलं नसतं. विंडोज ९५ पासून कोपऱ्यात असलेलं हे बटण २०१२ साली विंडोज ८ मध्ये काढलं. पुढच्याच वर्षी ते परत द्यावं लागलं आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये मेनूही परतला. लिनक्स ही विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी संगणक प्रणाली. तिच्यावर पडद्याची मांडणी पुरवणाऱ्या ग्नोमने २०११ मध्ये जुनी मांडणी मोडली, तेव्हा तिचा कोड कुणालाही घेऊन बदलता येत असल्याने नाराज मंडळींनी तीच मांडणी ‘माते’ या नावाने जिवंत ठेवली. आमच्या काकांना ती सोय कुठली?

नवं सगळंच वाईट नाही. डार्क मोड, म्हणजे गडद पडद्यावर फिकट अक्षरं, आला तेव्हा डोळे दिपणाऱ्या एका आजींना फार बरं वाटलं. पण तो हवा तर लावा, नको तर राहू द्या असा होता. ॲपलच्या मॅक संगणकांवर २०२५ मध्ये काचेसारखा पारदर्शक देखावा आला. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना काचेवरची अक्षरं कशी दिसत असतील, हे आमच्या वर्गात कुणीही सांगेल.

सुरक्षेचं अपडेट जरूर द्या. रूप मात्र विचारून बदला, आणि जुनं रूप काही वर्षं तरी सेटिंगमध्ये ठेवा.

हिंजवडी, खराडीतल्या आयटी कंपन्यांत संगणकाचं असं रूप घडवणारी कितीतरी मुलंमुली आहेत. त्यांनी एखाद्या शनिवारी सकाळी आमच्या वर्गात मागच्या बाकावर तासभर येऊन बसावं. काकांची वही मी त्यांना दाखवीन.

– एक संगणक शिक्षिका, कोथरूड, पुणे