माय, जहाज संध्याकाळी परत येतं

कील, जर्मनी

ती. बाबा व ती. सौ. माय यांना साष्टांग नमस्कार,

मी मजेत आहे. जेवते. फोनवर आवाज बसलेला वाटला तो थंडीनं, उपाशी राहून नाही.

माय, समुद्राची धास्ती घेऊ नको. आमचं जहाज सकाळी निघतं अन् संध्याकाळी परत येतं. बोक्निस-एक नावाची जागा आहे, पाणी 28 मीटर, बस्स. 1957 पासून लोक तिथलं पाणी मोजत आले, मी काही पहिली नाही.

बाबा, पारावर कोणी विचारलं पोरगी काय करते, तर सांगा : उन्हाळा सरता सरता तिथं तळाशी प्राणवायू संपत येतो. वावरातलं खत वाहून समुद्रात जातं, त्यावर शेवाळ माजतं, मरून खाली बसतं अन् कुजताना प्राणवायू संपवतं. पऱ्हाटीला टाकतो तो युरियाही असाच वाहतो, बाबा. मासे पळतात नाहीतर मरतात. गाळातले काही जीव मात्र टिकतात. फोरॅमिनिफेरा म्हणून कवचवाले एकपेशीय जीव आहेत, त्यांतले काही प्राणवायू नसला की नायट्रेटवर श्वास घेतात. 2006 मध्ये स्वीडनच्या एका खाडीतल्या जीवांवरून हे कळलं. नायट्रेट ते अंगातच साठवतात, माय पावसाळ्याआधी कोठी भरते तसं. नामिबियाच्या किनाऱ्याला तर असा एक जिवाणू आहे की पाऊण मिलिमीटरपर्यंत वाढतो, नुसत्या डोळ्यांनी दिसतो! आपल्या अरबी समुद्रातही कमी प्राणवायूचा जाड थर आहे, म्हणजे परत येऊनही हेच काम करता येईल. गाळाला सडक्या अंड्याचा वास येतो, खरं आहे. पण हातमोजे असतात. काकांना म्हणा, घाणीत हात घालायला नाही गेली.

इथल्या लोकांचं एक मला अजून उमगलं नाही. भर थंडीत खिडक्या उघडतात. फट नाही, सताड. हीटर बंद करायचा, सगळ्या खिडक्या उघडायच्या, पाच-दहा मिनिटं कुडकुडत बसायचं, मग लावून घ्यायच्या. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, बाहेर बर्फ असला तरी. म्हणे दमट हवा बाहेर गेली नाही तर भिंतींना बुरशी धरते. माझ्या भाड्याच्या करारातही लिहिलंय. घरमालकीण जिन्यात भेटली की तब्येतीच्या आधी खिडक्यांचं विचारते. मीटिंग रंगात आली की कोणीतरी उठतं अन् खिडकी उघडतं, बाकीचे निमूट स्वेटर घालतात. काहून, ते विचारायचं नाही.

पैसे पाठवलेत, थोडे जास्त. आधी सोसायटीचं कर्ज, मग वेचणीच्या बायांची मजुरी. कापूस घाईनं व्यापाऱ्याला देऊ नका.

अमरावतीचं स्थळ चांगलंच असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्यांना दिवाळीत बोलावू नका, दिवाळीत मी येत नाही. सुट्टी मिळत होती. पण नमुन्यांचे हेच दिवस असतात, अन् तिकिटाचे पैसे कर्जात गेले ते बरंच झालं. छोटीचं आधी उरकलं तरी चालेल, लोकांना सांगा मीच म्हटलं. तिच्या लग्नाला येईन, अगदी नक्की.

आजीला दिवाळीचं सांगू नका. रविवारी फोनवर मीच सांगते.

तुमची,
पिंकी