बंदुकीचे आकडे जाहीर, जुळणीचे मात्र गुलदस्त्यात

मा. संपादक,
स. न.

आपल्या पुरवणीत नेमबाजीच्या एका लोकप्रिय मोबाइल गेमच्या ताज्या अपडेटविषयी आलेले टिपण वाचले. कोणत्या रायफलीचा मारा वाढला आणि कोणत्या बंदुकीचा झटका कमी झाला, ही माहिती त्यात नेटकेपणाने दिली होती. परंतु याच अपडेटनंतर खेळाडूंच्या जुळणीत, म्हणजे कोणाची गाठ कोणाशी घालायची हे ठरवणाऱ्या मॅचमेकिंगमध्ये, जो फरक जाणवतो आहे त्याचा उल्लेखही नव्हता. त्यात टिपणकाराचा दोष नाही, कारण कंपनीच्या पॅच नोट्समध्येच, म्हणजे अपडेटमधील बदलांच्या यादीतच, त्याविषयी एक ओळ नाही. दारव्हा तालुक्यातील एका खेड्यातून खेळणाऱ्या आम्हा मंडळींना मात्र बंदुकांपेक्षा जुळणीच अधिक जाचते, आणि खरे तर या दोन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

हिशेब सोपा आहे. खेळाडूची हेल्थ, म्हणजे जीव मोजणारे गुण, १०० आणि रायफलीच्या एका गोळीचा मारा ३३ असेल, तर समोरचा पडायला चार गोळ्या लागतात, कारण तिसरीनंतरही एक गुण शिल्लक राहतो. मारा ३४ केला की तीनच गोळ्या पुरतात. मिनिटाला ६०० गोळ्या झाडणाऱ्या रायफलीच्या दोन गोळ्यांत १०० मिलिसेकंदांचे अंतर असते. म्हणजे पहिली गोळी लागल्यापासून पडेपर्यंतचा अवधी ३०० वरून २०० मिलिसेकंदांवर येतो. (चिलखत आणि अंतर यांची भानगड येथे सोडून दिली आहे.) कागदावर एका गुणाची वाढ दिसते आणि प्रत्यक्षात आडोसा गाठण्याच्या सवडीतला तिसरा हिस्सा जातो. ज्याच्या घरी फायबर आहे आणि पिंग, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद, ४०च्या आत राहते, त्याला उरलेल्या अवधीतही हालचाल करता येते. आमच्याकडे संध्याकाळी पिंग १२०च्या आसपास असते आणि मध्येच २५०वर उडी घेते. त्या क्षणी आपल्याला गोळी लागली हे पडद्यावर उमटण्याआधीच निकाल लागलेला असतो. शहरातील खेळाडूला जो बदल ‘खेळ वेगवान झाला’ असा वाटतो, तो आमच्यासाठी नेटवर्कवरचा दंड ठरतो.

गाव दूर आहे, तेव्हा असे होणारच, असे उत्तर यावर हमखास मिळते. ते बरोबर नाही. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईत आहे आणि आमच्यापासूनची वाट ८०० किलोमीटरची आहे असे धरले, तरी जाण्यायेण्याला ८ मिलिसेकंद लागतात. वाटेतील वळणे आणि यंत्रे मिळून ते तिप्पट झाले तरी बिघडत नाही. खरी अडचण शेवटच्या टप्प्यात, टॉवर आणि मोबाइल यांच्यामध्ये आहे. संध्याकाळी कामे आटोपली की आसपासच्या सगळ्या गावांचा भार एकाच टॉवरवर येतो आणि पिंग नुसते वाढत नाही, तर हेलकावे खाऊ लागते. रात्रपाळीच्या विजेवर ओलित करणारी पोरे मोटार सुरू असताना धुऱ्यावर बसून खेळतात, आणि गंमत अशी की मध्यरात्रीनंतर टॉवर मोकळा झाला की त्याच पोरांचा खेळ एकाएकी सुधारतो.

येथेच जुळणीचा प्रश्न येतो. खेळाडूंना गुण देऊन तुल्यबळांची गाठ घालण्याची कल्पना मुळात बुद्धिबळातली. अर्पाद इलो यांची मानांकन पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७०मध्ये स्वीकारली. तिच्यानुसार मानांकनात २०० गुणांनी वरचढ असलेल्याला शंभर डावांत (विजयाला एक, बरोबरीला अर्धा याप्रमाणे) साधारण ७६ गुण मिळणे अपेक्षित असते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी पुढे ट्रूस्किल ही पद्धत संघाने खेळायच्या खेळांसाठीही उपयोगी पडेल अशी आखली. पण नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५मध्ये महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा तिच्या पटाला पिंग नव्हते. आमचे मानांकन आमच्या हाताचे आणि टॉवरचे मिळून बनते. काही जाणकार म्हणतात की मग नेटवर्कचा परिणाम त्या गुणांत आपोआप सामावला जातो. सामावतो, पण सरासरीने. कबड्डीत वजनगट ठरवताना खेळाडूला काट्यावर उभे करतात आणि प्रश्न मिटतो. येथे वजन तासागणिक बदलते आणि काटा मात्र सरासरी दाखवतो. परिणामी संध्याकाळी आम्ही आमच्याहून सरस खेळाडूंच्या तावडीत सापडतो आणि मध्यरात्री आमच्याहून नवख्यांना लोळवतो. यातला कोणताच सामना तुल्यबळ नसतो.

जुळणीत प्रतीक्षेचा वेळ, पिंग आणि कौशल्य यांची ओढाताण असतेच, हे मान्य. अपडेटनंतर लॉबी, म्हणजे सामन्याआधी खेळाडू जमतात ती प्रतीक्षेची जागा, पूर्वीपेक्षा लवकर भरते, आणि त्याची किंमत उरलेल्या दोहोंतून वसूल होत असावी असा आमचा कयास आहे. कयासच करावा लागतो, ही खरी तक्रार. अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने २०२४मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या आपल्या नेमबाजीच्या खेळातील जुळणीविषयी सविस्तर निबंध प्रसिद्ध केले, पिंगला प्रथम प्राधान्य असते हे त्यांत सांगितले आणि कौशल्याचा निकष सैल करून पाहिला तेव्हा बहुसंख्य खेळाडूंचे खेळाकडे परत येणे घटले, हेही मांडले. निष्कर्ष पटोत वा न पटोत, वाद घालायला काही तरी हाती आले. आणि हा प्रश्न एकट्या खेड्याचा नाही. गोळी झाडणाऱ्याला त्या क्षणी जे दिसले ते प्रमाण मानून सर्व्हर निकाल देत असेल, तर आमच्या मंद नेटवर्कमुळे शहरातील खेळाडू भिंतीआड पोहोचूनही पडतो, आणि तोही आम्हालाच शिव्या देतो.

ऑगस्ट २०२५मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. तेव्हा जुळणीतील बदलही बंदुकांच्या बदलांप्रमाणे तारखेसह जाहीर व्हावेत, आणि थोडे अधिक थांबण्याची तयारी असलेल्या खेळाडूला स्वतःसारख्याच पिंगचे प्रतिस्पर्धी निवडण्याची मुभा असावी, ही मागणी अवास्तव नाही. भारनियमनात टॉवर बंद पडून सामना तुटला, तरी आज तो पळ काढल्यात जमा होतो, रँकचे गुण कापले जातात आणि पुढील सामन्यासाठी ताटकळावे लागते. हरण्याच्या भीतीने मुद्दाम नेट बंद करणारे महाभाग आहेत, हे खरे. पण एकाच परिसरातील अनेक खेळाडू एकाच मिनिटाला तुटले, तर ते सर्व जण एकदमच भ्याले नसावेत, एवढे सर्व्हरला ओळखता यायला हवे.

आपला,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ