प्रबंधाबरोबर कोडही मागून घ्या

संपादक महोदय,

संशोधन प्रबंधांतले ‘निष्कर्ष’ हे प्रकरण आता बहुधा एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमधून उचललेल्या तक्त्यांनी भरलेले असते. तक्ता देखणा असतो. त्यामागची फाइल कोणती, तिच्यातल्या किती ओळी गाळल्या, कोणता पर्याय निवडला, हे मात्र कित्येकदा मार्गदर्शकालाही सांगता येत नाही. आणि विश्लेषण पैसे मोजून बाहेरून करून घेतले असेल तर विद्यार्थ्यालाही नाही. म्हणून गोव्यातले विद्यापीठ, महाविद्यालये आणि संशोधन संस्था यांना एक सूचना करावीशी वाटते. प्रबंध स्वीकारताना पीडीएफबरोबर मोजणीची मूळ फाइल आणि विश्लेषणाचा कोड (म्हणजे सॉफ्टवेअरला दिलेल्या आज्ञांची यादी) या दोन गोष्टी सक्तीने घ्याव्यात. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही की निधी लागत नाही.

बहुतेक चुका संख्याशास्त्रीय चाचणीच्या कितीतरी आधी, एक्सेलमध्येच होऊन बसतात. तालुक्याचा कॉलम घ्या. एकाने ‘फोंडा’ लिहिले, दुसऱ्याने ‘पोंडा’, तिसऱ्याने ‘फोंडा’ लिहून पुढे एक स्पेस दिली. सॉफ्टवेअरच्या लेखी हे तीन वेगळे तालुके. रोमी लिपीतल्या फाइलींत तर पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगे आणि उच्चाराबरहुकूम लिहिलेली स्पेलिंगे शेजारीशेजारी नांदतात. यावर उपाय एका मिनिटाचा आहे: आधी नुसता वारंवारतेचा (कोणते नाव किती वेळा आले याचा) तक्ता काढावा. गोव्यात तालुके १२ आहेत. तक्त्यात १७ आले, तर पुढे जायचे नाही.

तारखांचे दुखणे याहून वाईट, कारण ते दिसत नाही. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी असेल तर ०५/०६/२०२४ असे टाइप केलेली ५ जूनच्या पावसाची नोंद ६ मे या दिवशी जाऊन पडते. १३/०६/२०२४ मात्र तारीख म्हणून स्वीकारलीच जात नाही, कारण तेरावा महिना नसतो. ती नुसता मजकूर म्हणून राहते. म्हणजे जूनच्या पहिल्या बारा दिवसांचा पाऊस जानेवारी ते डिसेंबर असा वर्षभर विखुरतो (६ जून तेवढा वाचतो) आणि उरलेला महिना गणतीतून गळतो. ओळखायची खूण सोपी आहे. सेलची मांडणी कोणी हाताने बदलली नसेल, तर खरी तारीख उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे. नोंद २०२४-०६-०५ अशी करावी, किंवा दिवस, महिना, वर्ष असे तीन कॉलम ठेवावेत. एक्सेलची ही खोड इतकी जुनी की माणसाच्या काही जनुकांची नावेही ते तारखा समजून बदलत असे. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने त्या जनुकांचीच नावे बदलली.

न मिळालेल्या माहितीचे काय करायचे, हा तिसरा खड्डा. समजा १०० स्त्रियांच्या हिमोग्लोबिनची नोंद आहे, तिघींचा अहवाल मिळाला नाही आणि तिथे ‘९९’ भरले. उरलेल्या ९७ जणींची सरासरी ११.५ असेल, तर त्या तीन ९९ मुळे शंभर जणींची सरासरी १४.१ होते. गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी रक्तक्षयाची रेघ १२ ला आहे. गोळी न देता गट निरोगी झाला! एसपीएसएसमध्ये ‘व्हेरिएबल व्ह्यू’त जाऊन ‘मिसिंग’ या रकान्यात ९९ हा आकडा नोंदवला की तो वगळला जातो. आर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तिथे ‘एनए’ (‘उपलब्ध नाही’) असावे लागते. मग सरासरी मागितली तर उत्तरही ‘एनए’ येते आणि रिकाम्या नोंदी वगळायला स्पष्ट सांगावे लागते. विद्यार्थी यावर वैतागतात, पण हा आरचा गुण आहे. किमान आणि कमाल किंमत आधी पाहिली तरी ९९ लगेच नजरेत भरतो.

शून्य आणि रिकामा सेल यांतला फरकही असाच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारीबंदी असते. ट्रॉलर धक्क्यालाच असतात. ट्रॉलरनी वर्षभरात १२०० टन मासळी आणली आणि बंदीच्या महिन्यांत शून्य भरले, तर मासिक सरासरी १०० टन. सेल रिकामे ठेवले, तर १२०. दोन्ही आकडे आपापल्या प्रश्नाला बरोबर आहेत. पण आपण कोणता प्रश्न विचारला हे प्रबंधात लिहिलेले नसते.

आता चाचणीकडे वळू. इथे सर्वांत जास्त फसगत करणारी गोष्ट म्हणजे नमुन्यांची खोटी संख्या. कोरगुट आणि दुसरे एखादे भात यांची तुलना करायची आहे. प्रत्येक वाण तीन-तीन खाजन शेतांत (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या शेतांत) लावला आणि दर शेतातून पिकाचे २० नमुने घेतले. फाइलमध्ये प्रत्येक वाणाच्या ६० ओळी झाल्या. टी-टेस्टचे (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणाऱ्या चाचणीचे) बटण दाबले की सॉफ्टवेअर १२० स्वतंत्र निरीक्षणे धरते, डिग्रीज ऑफ फ्रीडम (एकूण निरीक्षणे वजा गटांची संख्या) ११८ येतात आणि ५ टक्के पातळीला टीची किंमत १.९८ ओलांडली की फरक ‘लक्षणीय’ ठरतो. पण एका खाजनातले वीसही नमुने एकाच बांधाच्या आत, एकाच मानशीतून (बांधाच्या झडपेतून) आलेल्या पाण्यावर वाढलेले. ते एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. वाण शेताला दिला, नमुन्याला नव्हे. म्हणून खरी संख्या एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन. डिग्रीज ऑफ फ्रीडम ४, आणि ओलांडायची रेघ २.७८. शिवाय प्रमाण त्रुटी (सरासरीतली अनिश्चितता) ६० च्या वर्गमुळाने भागून काढल्यामुळे कृत्रिमरीत्या लहान झालेली असते, म्हणजे टी फुगतो आणि रेघ खाली येते, दोन्हीकडून. उपाय दोन. दर शेताची एक सरासरी काढून सहा आकड्यांवर चाचणी करावी, किंवा मिक्स्ड मॉडेल (शेताशेतांतला फरक वेगळा धरणारी पद्धत) वापरून त्यात ‘शेत’ हा यादृच्छिक घटक ठेवावा. मांडवी-जुवारीच्या एकाच ठिकाणी भरलेल्या पाण्याच्या पाच बाटल्या, एकाच टाकीतले मासे, एकाच वर्गातली मुले, सगळीकडे हीच गफलत होते. फाइलमध्ये ‘कोणत्या शेतातला’ हा कॉलमच नसेल तर परीक्षकाला ती पकडता येत नाही. मूळ फाइल मागण्याचे सर्वांत मोठे कारण माझ्या मते हेच.

कोड का हवा? कारण सॉफ्टवेअर आपल्या वतीने गुपचूप पर्याय निवडत असते. आरची टी-टेस्ट आपणहून वेल्चची पद्धत वापरते, म्हणजे दोन गटांचे प्रसरण (आकड्यांचा विखुरलेपणा) सारखे धरत नाही. एसपीएसएस दोन्ही उत्तरे एकाखाली एक देते आणि विद्यार्थी बहुधा वरची ओळ उचलतो. गटागटांतल्या नोंदींची संख्या असमान असेल तर दोन घटकांचा अनोव्हा (अनेक गटांच्या सरासऱ्यांची तुलना) आरच्या मूळ फलनात टाइप-१ वर्गबेरजेने (घटक एकामागून एक क्रमाने घेऊन) होतो, एसपीएसएसमध्ये टाइप-३ ने (प्रत्येक घटक बाकीचे सगळे धरून). त्याच माहितीतून दोन पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता) निघतात आणि आरमध्ये घटकांचा क्रम उलटवला तर तिसरीही. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे जनुकांमधले अंतर काढायचे सूत्र आजही आरच्या ‘क्यूटीएल’ पॅकेजात पर्याय म्हणून बसलेले आहे, पण न सांगता जे चालते ते हाल्डेन या शास्त्रज्ञाचे. पर्याय न पाहणाऱ्याला कोसंबी भेटतच नाहीत!

पी-व्हॅल्यूबद्दल थोडक्यात. एसपीएसएस ‘.०००’ दाखवते ते शून्य नव्हे, ०.००१ पेक्षा कमी असे लिहावे. वीस स्वतंत्र चाचण्या केल्या तर, कुठेच खरा फरक नसला, तरी किमान एक ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. आणि ‘तीस नमुने पुरेत’ हा विभागाविभागांत फिरणारा नियम सोडून द्यावा: मध्यम आकाराचा फरक, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाइतका, पकडायला ८० टक्के खात्रीसाठी प्रत्येक गटात ६४ लागतात. तीस-तीसवर ती खात्री ४८ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे छापा-काटा.

कोड ठेवणे अवघड नाही. एसपीएसएसच्या विश्लेषणाच्या बहुतेक चौकटींत ‘ओके’शेजारी ‘पेस्ट’ हे बटण असते. ‘ओके’ऐवजी ते दाबले की आज्ञा सिंटॅक्सच्या खिडकीत उतरते आणि फाइल म्हणून जपता येते. परवाना परवडत नसेल तर चोरीची प्रत शोधण्याऐवजी पीएसपीपी, जामोवी, जॅस्प ही मोफत सॉफ्टवेअर आहेत, आणि २००० मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती निघालेले आर तर आहेच. आवृत्तीचा आकडा मात्र लिहून ठेवावा. आरच्या ३.६.० आवृत्तीत यादृच्छिक निवडीची पद्धत बदलली, त्यामुळे तोच सीड (निवडीचा आरंभीचा आकडा) देऊनही जुन्या आणि नव्या आवृत्तीत वेगळे नमुने निघतात.

फाइल दिली की काय होते याचे उदाहरण अर्थशास्त्रात आहे. राइनहार्ट आणि रोगॉफ यांच्या राष्ट्रीय कर्जावरील २०१० च्या गाजलेल्या लेखात सरासरीच्या सूत्राची निवड काही ओळी आधीच थांबली होती आणि पाच देश सुटले होते. इतरही आक्षेप होते, पण ही चूक २०१३ मध्ये एका विद्यार्थ्याला सापडली ती लेखकांनी आपली एक्सेल फाइल त्याला पाठवली म्हणून.

रुग्णांच्या माहितीचे काय, असे कोणी विचारेल. नाव आणि फोन काढून टाकणे पुरेसे नाही. लहान वाड्यावर वय, लिंग आणि आजार एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. तिथे वाड्याऐवजी तालुका आणि वयाऐवजी दहा वर्षांचा गट ठेवावा, मूळ फाइल संस्थेच्या कुलपात राहावी आणि परीक्षकाने तिथे बसून एखादा तक्ता पुन्हा काढून पाहावा. बाकी विषयांत फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळा केलेला साधा मजकूर) स्वरूपात द्यावी, म्हणजे ती कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. फक्त नोंदी देवनागरीत असतील तर एक्सेलमध्ये जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडावा. नुसते ‘सीएसव्ही’ निवडले तर पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळ्या गावांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात आणि फाइल बंद केल्यावर ती परत अक्षरे होत नाहीत.

— संख्याशास्त्राचा एक अध्यापक, फोंडा