नोंदणीआधी गाडी दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सणासुदीला शोरूमच्या दारात हार घातलेल्या गाड्यांचे फोटो छापून येतात. त्यांत आताशा पोर्शे, लॅम्बोर्गिनी, बीएमडब्ल्यूच्या एम (म्हणजे वेगवान, स्पोर्टी) गाड्याही असतात. अशा गाडीसाठी कित्येक महिने थांबलेला माणूस पाडव्याचा मुहूर्त हुकू नये म्हणून शेवटच्या चार दिवसांत समोर येईल त्या कागदावर सही करून मोकळा होतो. घोळ तिथेच होतो. या पत्रात मागणी एकच आहे: परदेशात पूर्ण बांधणी होऊन आलेली गाडी नोंदणीला जाण्याआधी ग्राहकाला, त्याने आणलेल्या जाणकारासह, दिवसाउजेडी तपासू द्यावी.

अनेक विक्रेते म्हणतात, ‘आधी पूर्ण पैसे, मग विमा, मग आरटीओ, मग गाडी बघा.’ त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 42 कडे बोट दाखवतात. नोंदणी, तात्पुरती का होईना, झाल्याशिवाय ताबा देऊ नये असं तो नियम सांगतो आणि ते योग्यच आहे. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोघांचा जीव घेणारी गाडी कायम नोंदणीविनाच रस्त्यावर होती. 1,758 रुपयांचं शुल्क भरायचं राहिलं होतं. पण ताबा देणं वेगळं आणि यार्डात गाडी दाखवणं वेगळं. दाखवायला नियम आड येत नाही. उलट एकदा तुमच्या नावावर नंबर पडला की दुसऱ्या कुणाला ती नवी म्हणून विकता येत नाही, मग दोष निघाला तरी विक्रेता ती बदलून कशाला देईल? म्हणून फॉर्म 20 वर, म्हणजे नोंदणीच्या अर्जावर, गाडी पाहिल्याशिवाय सही करू नये. ग्राहकाच्या हातात तेवढाच हुकमाचा पत्ता असतो.

तपासायचं काय, तर लांबच्या प्रवासाने आणि नुसतं उभं राहिल्याने जे बिघडतं ते. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे 2023 च्या अखेरीपासून युरोपातून येणारी बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. त्यात दहा-पंधरा दिवस वाढतात. पुढे बंदर, सीमाशुल्क, यार्ड. एवढ्या काळात बॅटरी खोलवर उतरते आणि एकदा तशी उतरलेली बॅटरी पुन्हा पूर्ण दमाची होत नाही. ती चार्ज करून दिली की बदलून, हे लेखी विचारावं. जहाजावर गाडी हलू नये म्हणून टायरमध्ये हवा जास्त भरतात, काही गाड्यांच्या स्प्रिंगमध्ये ठोकळे बसवतात. ताब्याआधी हवा उतरवायची आणि ठोकळे काढायचे असतात. ते विसरले की गाडी दगडासारखी आदळते आणि मालक समजतो, स्पोर्ट्स कार अशीच असते! टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. 1425 म्हणजे 2025 चा चौदावा आठवडा. चारही टायर एकमेकांच्या जवळपासचे हवेत. लोखंडी ब्रेक डिस्कवरचा तांबूस गंज मात्र मनावर घेऊ नये, दहा-बारा वेळा ब्रेक लावले की जातो.

खरी गोम रंगात असते. बंदरात किंवा ट्रेलरवर ओरखडा पडला तर तो पॅनल इथेच रंगवून गाडी नवी म्हणून उभी करता येते. रंगाची जाडी मोजायचं मीटर सोबत न्यावं, पण साधं चुंबकीय मीटर अ‍ॅल्युमिनियमवर चालत नाही आणि या गाड्यांची दारं, बोनेट बरेचदा अ‍ॅल्युमिनियमची असतात. दोन्ही धातूंवर चालणारं मीटर मागावं. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. शेजारचे पॅनल 120 दाखवत असताना एकच दार 260 दाखवत असेल तर ते दुसऱ्यांदा रंगवलं आहे, मग शोरूमवाले काहीही सांगोत. बंपर प्लास्टिकचे असल्याने तिथे हे मीटर मुकं होतं. तिथे काचेच्या आणि दिव्यांच्या रबरी कडेवर रंगाचा फवारा उडालाय का आणि बिजागरीच्या बोल्टच्या डोक्यावर पान्याची खूण आहे का, हे टॉर्च धरून पाहावं. रंगाला ओरखड्यांपासून जपणारी पारदर्शक पीपीएफ फिल्म या तपासणीनंतरच चिकटवावी. आधी लावली की खालचं सगळं झाकलं जातं.

वाट पाहण्याचे महिनेही वाया घालवू नयेत. गाडीची घडण कारखान्यात पक्की होण्याआधी नाक वर उचलणारी यंत्रणा मागून घ्यावी, ती नंतर बसवणं म्हणजे न परवडणारा उद्योग. पोर्शे 911 मध्ये ती पुढची बाजू सुमारे 40 मिलिमीटर उचलते. गतिरोधकाचं भारतीय मानक 10 सेंटिमीटर उंची आणि 3.7 मीटर रुंदी सांगतं; आपल्या सोसायट्यांमध्ये तीच उंची फूटभर रुंदीत चढवलेली असते, तेव्हा आधी आपल्याच फाटकातला उंचवटा मोजावा. स्टेपनी बहुधा मिळतच नाही, नुसतं सीलंट (पंक्चर बुजवणारा द्रव) आणि हवेचा पंप मिळतो. खड्ड्याने टायरची बाजू फाटली तर सीलंट निरुपयोगी. पुढचा-मागचा टायर वेगवेगळ्या मापाचा असेल तर दोन्ही मापांचा एकेक जादा टायर आधीच मागवून ठेवावा.

किमतीचं कलम नीट वाचा. बुकिंग फॉर्मवर बहुतेक वेळा ‘ताब्याच्या दिवशीची किंमत लागू’ असं असतं. ते दोन्ही बाजूंनी लागू आहे, म्हणजे कर घटला तर फायदा ग्राहकाचा, असं लिहून घ्यावं. 22 सप्टेंबर 2025 ला मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि उपकर मिळून 48 ते 50 टक्क्यांचा भार 40 वर आला. त्या सुमारास बिल कोणत्या तारखेचं, यावर लाखांचा फरक पडला. महाराष्ट्रात आयात गाडीला 20 टक्के मोटार वाहन कर आहे आणि 1 जुलै 2025 पासून त्याची कमाल मर्यादा 20 ऐवजी 30 लाख झाली. तो वाचवायला परराज्यातला नंबर घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, की बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे राहिली तर कायद्याने इथला नंबर घ्यावाच लागतो. विम्यात ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर बिलाइतकी भरपाई) आणि इंजिन संरक्षण ही जोड हवी. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात इंजिनाने पाणी ओढलं तर साध्या पॉलिसीत त्याची भरपाई सहसा मिळत नाही.

पूजा जरूर करा, पण हळद-कुंकवाचं स्वस्तिक थेट रंगावर नको, कागदावर काढून ठेवा. नारळ गाडीपासून चार हात लांब फोडा.

पहिले किलोमीटर दमाने. बीएमडब्ल्यू एमसाठी कंपनी 2,000 किलोमीटरपर्यंत 5,500 आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) खाली राहायला सांगते आणि मग तेल बदलून तपासणी करते. नव्या टायरची पकड यायला 300 किलोमीटर लागतात. ताबा मिळाल्या रात्रीच द्रुतगती मार्गावर धाव घेणाऱ्यांनी निदान एवढं वाचावं.

परिवहन विभागाला हे सोपं करता येईल. विक्रेत्याकडून होणाऱ्या नोंदणीच्या अर्जाबरोबर, ग्राहकाने गाडी प्रत्यक्ष पाहिल्याची तारीख आणि त्या वेळी मीटरवर दिसलेले किलोमीटर, दोघांच्या सहीने जोडणं सक्तीचं करावं.

आपला,
आयात गाड्यांची ताब्यापूर्वी तपासणी करणारा एक वाचक, पुणे