बाय, डबा उघडलास की कळव

प्रिय बाय,

तू पोचल्याचा मेसेज दाद्याच्या फोनवर आला, माझ्या नाही. असू दे. निघताना मी बटणावरून ओरडलो ते चुकलंच. पण शर्टाची पाच बटणं लावायला मला दहा मिनिटं लागतात ती लागू देत गो. तू घाईघाईत हात पुढे करतेस, पटापट लावून मोकळी होतेस, मग माझ्या बोटांना काम काय उरलं? फिजिओवाली सांगते, जमतंय ते रोज करा, सोडलंत की गेलं.

बाराच्या गोळीनंतर लिहायला बसलोय, हात ऐकतो तेवढ्यात.

विचारायचं वेगळंच आहे. कणकवलीला गाडीची वाट बघताना चहा घेतलास, तेव्हा तुझा हात थरथरत होता का? दोन रात्रींचं जागरण, त्यात आपलं भांडण, त्यामुळे असेल. डॉक्टरांनीच सांगितलंय की माझ्या या पार्किन्सनच्या आजारात हात जास्त करून नुसता मांडीवर पडलेला असताना हलतो, काही उचललं की कमी होतो. तुझ्या हातात तर कप होता. म्हणजे हे ते नव्हे. कळतं मला. तरी रात्रभर तो कपच डोळ्यासमोर.

माझं कसं सुरू झालं आठवतं ना, रिटायर व्हायच्या आधीचं वर्ष, उजवा अंगठा बोटावर घासत राहायचा, डेपोतले ड्रायव्हर म्हणायचे काय रे नोटा मोजतोस, मीपण म्हणायचो एवढी वर्षं तिकिटं फाडली, सवय लागली. पण त्याच्याही कितीतरी आधी माझा वास गेला होता. तुझी आई चुलीवर सुका बांगडा भाजायला ठेवून विहिरीवर गेली, मी पडवीत पेपर वाचत बसलेलो, बांगड्याचा पार कोळसा झाला आणि ती कळशी टाकून धावत आली, "तुमका वास येना नाय काय?" आम्ही सर्दी समजलो. कोण सांगणार होतं की हा आजार कधीकधी नाकापासून सुरू होतो, पोट साफ न होण्यापासून, झोपेत हातपाय झाडण्यापासून.

तुला वास येतो ना सगळा? झोपेत ओरडत नाहीस ना, जावयांना विचार. आणि चाल रोज. तलावपाळी एवढी जवळ, सकाळी दोन फेऱ्या मार, दम लागेल असं चाल, नुसतं मोबाईल घेऊन रमतगमत नको, रात्री वेळेत झोप, ऑफिसच्या खुर्चीला चिकटून... बघ, परत सुरू झालो. माफ कर. तुला काही झालेलं नाही आणि मी पथ्यं सांगतोय.

माझं नीट चाललंय. उठल्या उठल्या उभा राहत नाही, खाटेच्या कडेला बसून वीसपर्यंत मोजतो, नाहीतर बीपी उतरून चक्कर येते. गोळी आठ, बारा, चार, आठ, फोनमध्ये अलार्म तूच लावून दिलेला. गोळीनंतर अर्धा तास गेल्याशिवाय पेजसुद्धा नाही, आणि मासे-डाळ दुपारऐवजी रात्री, कारण गोळीच्या तोंडावर ते पोटात गेलं तर गोळी लागायला उशीर होतो, दुपार फुकट जाते. शेजारच्या काकांनी खाजकुयलीच्या बियांची पावडर आणून दिली होती. डॉक्टर म्हणाले गोळीत जे औषध आहे तेच त्या बियांत असतं, म्हणून आपल्या मनाने वर आणखी घेऊ नका. ठेवून दिली.

उंबरठ्यावर पाय चिकटतात ते तू बघितलंस, तोंड फिरवलंस, मी बघितलं ते. तेव्हा ओढायचं नाही गो. मी थांबतो, मोठ्याने विठ्ठल विठ्ठल धरतो, ठेका सापडला की पाय आपोआप उचलतो. आवाजालाही व्यायाम होतो. सोमवारच्या भजनाला अजून जातो, मागच्या वेळी अख्खा अभंग मी ओढला, बुवा म्हणाले आवाज खुलला तुमचा.

श्रावणात पायरीवर पडलो ते लपवलं, तेच तुला लागलंय. चिऱ्यावरचं शेवाळ दाद्याने घासून काढलंय, न्हाणीत दांडा बसवलाय. ठाण्याला थंडीत येईन. आत्ता नको.

मागच्या चेकअपला तू औषधं आणायला खाली गेलीस तेव्हा मी डॉक्टरांना एकच विचारलं, पोरीला होईल का. ते म्हणाले बहुतेकांना हा घराण्यातून येत नाही, शंभरातल्या दहा-पंधरा जणांच्याच नात्यात आधी कुणाला तरी असतो. आपल्यात कुणालाच नव्हता, आजोबांचा हात शेवटपर्यंत पखवाजावर चालला. मी आयुष्यभर हिशोब केला, पंच्याऐंशी मोठे की पंधरा मला कळत नाही का? पण मन जातं ते त्या पंधरांकडेच.

त्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली लंडनमध्ये सहा माणसांवरून हा आजार लिहून ठेवला, त्यातली काही त्याने नुसती रस्त्यात बघितलेली. स्टेशनवर मी तुझ्याकडे तसंच बघत होतो. बापाने पोरीकडे असं बघू नये. एवढी जबाबदारीची नोकरी करतेस, सासू सांभाळतेस, पाच दिवस गणपतीचं सगळं एकटीने केलंस आणि मी बसलो तुझी बोटं बघत.

बॅगेत तळाला स्टीलचा डबा आहे, सुका बांगडा, तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवलाय. गाडीत वास आला का गो? उघडलास की मला फोन कर, दाद्याला नको.

तुझा
बाबा